आतली बाजू

डोंगर सत्याऐंशीपट लहान करायचा
म्हणजे थर्माकोल तासायचा, इतकंच नाही.
पातालपाणीला चारदा जाऊन आलो,
परतताना महूच्या बसमध्ये मांडीवर दगड घेऊन बसलो.
कंडक्टर म्हणाला, भिया, इसका भी टिकट लगेगा.

रामबागेत वरच्या खोलीत, कुमुदचं शिवणाचं मशीन
भिंतीकडे सरकवून, प्लायवुडवर रूळ बसवले.
फॉईल चुरगाळली, पुन्हा अर्धवट उलगडली,
तिच्यात प्लॅस्टर ओतलं.
घट्ट झाल्यावर सोलली तर खाली कातळ निघाला,
भेगा-कपारींसकट, कोणी न कोरलेला.
काळ्या दगडाला काळा रंग द्यायचा नसतो
हे मला तीन डोंगर वाया घालवून कळलं.
आधी राखी, मग पाण्यात जवळजवळ मेलेला तपकिरी,
मग कोरड्या ब्रशने उंचवट्यांना पांढरा
नुसता हुंगायला द्यायचा.

उतारावरच्या मातीला चहाचा चोथा पुरेना
म्हणून पोह्यांवरचं जिरावण भुरभुरवलं. रंग अगदी तोच.
आठ दिवसांत मुंग्यांनी डोंगर पोखरला,
माझ्या बोगद्याहून त्यांचा सरळ.
कुमुद म्हणाली, कंत्राट त्यांनाच द्यायचं होतंत.

बोगद्याचा नियम सोपा आहे.
तोंडाशी दगडी कमान, कमानीच्या माथ्यावर काजळी,
आत चार बोटं भिंत, तिला काळा रंग.
पुढे काही करायचं नाही.
नजर तिथपर्यंतच जाते,
पुढचं ती स्वतः बांधते.

टाकीचा बॉलकॉक बदलायला भेरूलाल आला होता,
जाताना खोलीच्या दारात थबकला.
मी गाडी सोडली. आत गेली, बाहेर आली.
तो वाकला, एक डोळा मिटून
दुसरा बोगद्याला लावला, तुंबलेल्या नळात बघतो तसा.
"अंदर तो कुछ भी नहीं है, बाबूजी."

मग पान्याने प्लायवुडवर टकटक करत सांगत राहिला.
मीटरगेज होती तोवर अकरा वर्षं तो गँगमध्ये चावीवाला.
बोगद्याच्या भिंतीत माणसापुरते कोनाडे असतात.
इंजिनाचा आवाज आला की पाठ लावून त्यात शिरायचं,
हातोडा दोन पायांत, गमछा तोंडावर,
डोळे मिटून डबे मोजायचे.
वारा आधी ढकलतो. मग ओढतो.
ओढतो तेव्हा जपायचं.
कालाकुंडच्या अंगाने तिसरा कोनाडा त्याचा,
तिथे भर मे महिन्यातही वरून थेंब गळायचा,
नेमका मानेवर.

दुसऱ्या दिवशी मी डोंगराचं झाकण उचकटलं.
तापलेल्या ब्लेडने दोन-दोन सेंटिमीटरचे कोनाडे कापले,
भिंतीला आतपर्यंत दगड चढवला,
जो आता कोणालाच दिसणार नाही.
माझ्याकडे पिवळ्या बंडीतला एक माणूस होता,
नखाएवढा, हातात काहीतरी धरलेला.
भेरूलालला बोलावून दाखवला.
उलटसुलट करून त्याने परत दिला.
"इसको रहने दो. अभी गाड़ी कहाँ है अंदर?"
चहा घेतला, आणि बॉलकॉकचे राहिलेले तेवढे पैसे.

डोंगर आता पक्का चिकटवून टाकलाय.
संध्याकाळी गाडी सोडतो. ती अख्खी आत मावते.
शेवटचा डबा दिसेनासा झाला
की इंजिन पलीकडे निघेपर्यंत
माझी पाठ आपोआप खुर्चीला टेकते.

तिसऱ्या कोनाड्याच्या वर फेविकॉलचा एक थेंब सोडला होता.
वाळला की तो पाण्यासारखा दिसतो.
पण आत हवा खेळत नाही.
अजून पांढराच असेल.